लास वेगासहून झायन, ब्राइस, पेज, मॉन्युमेंट व्हॅली आणि ग्रँड कॅन्यन: पहिल्यांदा रोड ट्रिप करणाऱ्यांसाठी

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांचे ठरलेले प्रश्न सुरू होतात. आई-बाबा येतायत, नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आता "ते लाल डोंगर" दाखवायचेत, कुठून सुरुवात करू? हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि भारतातून थेट येऊन गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी पण. माझा भर एकाच गोष्टीवर आहे, ती आधीच सांगते: इथे काय बघायचं यापेक्षा रात्री कुठे झोपायचं हे आधी ठरवा. या भागातली प्रत्येक जागा सकाळी आणि संध्याकाळी वेगळीच दिसते, आणि दुपारी बारा वाजता तीच जागा म्हणजे नुसतं ऊन आणि पार्किंगची रांग. त्यामुळे वेगासला हॉटेल करून रोज जाऊन-येऊन बघू, हा प्लॅन डोक्यातून काढूनच टाका.

१. आधी मार्ग, मग बाकी सगळं

हा गोल मार्ग असा आहे: लास वेगास, झायन, ब्राइस कॅन्यन, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड म्हणजे साउथ रिम, विल्यम्स, परत वेगास. सगळं मिळून हजार मैलांच्या आसपास होतं, थोडं इकडेतिकडे फिरलात तर जास्त. वेगास ते झायन १६० मैल, झायन ते ब्राइस ८५, ब्राइस ते पेज १५०, पेज ते मॉन्युमेंट व्हॅली १२५, तिथून ग्रँड कॅन्यन व्हिलेज १८० आणि शेवटी परत वेगास २८० च्या आसपास. आकडे बघून "अरे हे तर चार दिवसांत होईल" असं वाटतं. होतं पण, फक्त मग गाडीच्या काचेतूनच बघितल्यासारखं होतं. आठवडा असेल तर उत्तम. पाच दिवसच असतील तर मॉन्युमेंट व्हॅली किंवा ब्राइस यातलं एक सोडा, पण मुक्काम कापू नका.

बरेच जण यात मोआब गाव आणि तिथलं आर्चेस पार्क पण कोंबतात. मोआब सुंदर आहे यात वादच नाही, पण ती वेगळी ट्रिप आहे, सॉल्ट लेक सिटीला उतरून करा.

कधी जायचं? एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैमध्ये वेगासला ४० डिग्री सेल्सियसच्या वर पारा जातो, आणि जुलै ते सप्टेंबर मध्यापर्यंत तिकडचा मॉन्सून असतो, म्हणजे दुपारी अचानक ढग येतात आणि कोरड्या घळीत पाण्याचा लोंढा येतो. हिवाळ्यात ब्राइसला भरपूर बर्फ. आई-बाबांची तिकिटं काढायच्या आधी हा विचार झाला तर बरं, नाहीतर ते येतात जूनमध्ये आणि आपण म्हणतो चला आता वाळवंटात.

२. कागदपत्रं

- भारतातून येणार असाल तर मूळ लायसन्स आणि सोबत आंतरराष्ट्रीय परमिट, म्हणजे आयडीपी. हे भारतात आरटीओकडून मिळतं, परिवहन पोर्टलवर अर्ज करता येतो, आणि एक वर्ष चालतं. अमेरिकेत येऊन "इथे काढू" असं होत नाही. आणि नुसतं आयडीपी दाखवून चालत नाही, मूळ लायसन्स पाहिजेच.
- पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) ची प्रिंट, व्हिसावर काम करत असाल तर तेही कागद. फोनमध्ये फोटो आहेत म्हणून कागद घरी ठेवू नका.
- ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. डेबिट कार्डवर काउंटरवर कटकट होते. डिपॉझिट म्हणून बरीच रक्कम अडकून राहते, तेव्हा लिमिट बघून ठेवा.
- आई-बाबांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद आणि औषधांची चिठ्ठी, औषधं जेनेरिक नावाने लिहिलेली. ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन उंचीवर आहेत, बीपीवाल्यांनी डॉक्टरांना आधी विचारून घ्या.
- पार्कचा पास, त्याचं खाली वेगळं सांगते कारण त्यात नवीन भानगडी आहेत.

३. पासची भानगड

झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन ही तिन्ही नॅशनल पार्क. प्रत्येकाचं गाडीमागे ३५ डॉलर, म्हणजे तिन्ही मिळून १०५. म्हणून लोक ८० डॉलरचा वार्षिक पास घेतात, जो सगळ्या देशातल्या पार्कांना चालतो. पण जानेवारी २०२६ पासून नियम बदललेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना पास ८० लाच आहे, बाहेरून येणाऱ्यांना तोच २५० डॉलर. आणि बाहेरच्यांनी पास नाही घेतला तर अकरा मोठ्या पार्कांमध्ये सोळा वर्षं किंवा त्यावरच्या प्रत्येक माणसामागे १०० डॉलर जादा पडतात, आणि आपली ही तिन्ही पार्कं त्या अकरात आहेत. तर आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तेव्हा पास कोणाच्या नावावर घ्यायचा, हे निघायच्या आधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर शांतपणे वाचून ठरवा, गेटवर मागे पंधरा गाड्या उभ्या असताना नाही. ज्याच्या नावावर पास आहे तो माणूस गाडीत पाहिजे आणि त्याच्याकडे फोटो आयडी पाहिजे.

आता सापळा. हा पास जिथे चालत नाही अशा जागा याच रस्त्यावर भरपूर आहेत: हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणाचं पार्किंग (पेज गावाचं आहे), अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ आणि मॉन्युमेंट व्हॅली (नवाहो या मूळ अमेरिकी जमातीची जमीन), व्हॅली ऑफ फायर (नेवाडा राज्याचं पार्क). तिथे वेगळे पैसे, आणि त्यावर वाद घालू नका, ती त्यांची जमीन आहे.

४. गाडी घेताना

मोठी एसयूव्ही घ्यायचा मोह होतो, पण चार माणसं आणि बॅगा मिड-साइजमध्ये आरामात बसतात. आईचे गुडघे दुखत असतील तर मात्र उंच गाडी बरी, वाकून बसावं लागत नाही.

इन्शुरन्स दोन प्रकारचा असतो आणि काउंटरवर दोन्ही एकत्र करून सांगतात. एक भाड्याच्या गाडीला झालेल्या नुकसानीचा, दुसरा आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा म्हणजे लायबिलिटी. तुमचं क्रेडिट कार्ड पहिला देत असेल कदाचित, दुसरा देत नाही. इथे स्वतःची गाडी आणि पॉलिसी असेल तर ती भाड्याच्या गाडीला बऱ्याचदा लागू होते, फोन करून विचारा. भारतातून आलेल्यांकडे यातलं काहीच नसतं, त्यांनी लायबिलिटी घ्याच, तिथे कंजुषी नको.

आणखी एक, करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर इन्शुरन्स लागू नाही. हे लक्षात ठेवा, पुढे मॉन्युमेंट व्हॅलीत लागणार आहे. गाडी घेतल्या घेतल्या चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, काचेचे ओरखडे आणि टायर जवळून. माझ्या ओळखीतल्या एकांना परत केल्यावर महिन्याने बंपरचं बिल आलं होतं, व्हिडिओ होता म्हणून सुटले.

५. पेट्रोल, नेटवर्क आणि रस्त्याचे नियम

इथे पेट्रोलला गॅस म्हणतात ते माहीतच असेल. पंपावर कार्ड घातलं की झिप कोड (इथला पिनकोड) मागतो, भारतीय कार्डाला झिप कोड कुठून आणणार, तर सरळ आत दुकानात जा, पंपाचा नंबर सांगा, "तीस डॉलर ऑन पंप फोर" म्हणा, उरलेले परत मिळतात. हिरव्या रंगाची नळी बहुतेक ठिकाणी डिझेलची असते, ती उचलू नका. युटामध्ये उंचावर रेग्युलर म्हणून ८५ ऑक्टेनचं (हा पेट्रोलच्या दर्जाचा आकडा) विकतात, बहुतेक गाड्यांच्या झाकणावर ८७ लिहिलेलं असतं, तेव्हा मधलं बटण दाबा.

टाकी अर्धी झाली की भरा, हा नियमच करून टाका. पेज सोडल्यावर लांब लांबपर्यंत काही नसतं.

नेटवर्क तर विसराच. वेगासला हॉटेलच्या वायफायवर सगळ्या भागाचे ऑफलाइन मॅप डाउनलोड करून घ्या, हॉटेलचे पत्ते कागदावर लिहा. आणि मॅपवर डोळे मिटून विश्वास नको: ब्राइसहून पेजला जाताना कॉटनवुड कॅन्यन रोड नावाचा ४६ मैलांचा शॉर्टकट दिसतो, तो कच्चा आहे आणि पाऊस पडला की चिखलात गाडी चाकासकट रुतते. सरळ हायवे ८९ ने कनाबवरून जा, वेळ जास्त लागू दे.

चालवण्याचं थोडक्यात: उजवीकडून, लाल सिग्नलला पूर्ण थांबून मग उजवीकडे वळता येतं (पाटी नसेल तर), चार बाजूंच्या स्टॉप साइनला जो आधी आला तो आधी जातो, शाळेच्या पिवळ्या बसने लाल पाटी काढली की दोन्ही दिशांनी थांबायचं. पोलिसाने मागून दिवे लावले तर बाजूला घ्या, गाडीतच बसा, हात स्टिअरिंगवर. आपल्याकडे उतरून साहेबांकडे जायची सवय असते, इथे ते अजिबात करू नका.

रात्री चालवू नका. नवाहो भागात घोडे, गाई, मेंढ्या मोकळ्या फिरतात आणि ग्रँड कॅन्यनजवळ एल्क (मोठी हरणं) रस्त्यावर उभे असतात, अंधारात दिसतच नाहीत.

६. घड्याळाचा घोळ (हा टप्पा वगळू नका)

या सगळ्या ट्रिपमधली सगळ्यात जास्त लोकांना रडवणारी गोष्ट. उन्हाळ्यात नेवाडा आणि ॲरिझोना यांची वेळ सारखी असते, युटा (म्हणजे झायन आणि ब्राइस) एक तास पुढे. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही. पण ॲरिझोनाच्या आतला नवाहो भाग बदलतो, म्हणून तो युटासोबत पुढे. आणि पेज मात्र ॲरिझोनाच्या वेळेवर, अँटिलोप कॅन्यनच्या टूर्स पण पेजच्याच वेळेवर चालतात, जमीन नवाहो असली तरी. फोन जवळच्या टॉवरप्रमाणे वेळ बदलत राहतो, त्यामुळे पेजमध्ये बसून एकाच खोलीत दोन फोनवर दोन वेळा दिसू शकतात. उपाय: फोनमध्ये वेळ हाताने फिनिक्सची लावा, आणि अँटिलोपच्या टूरच्या तिकिटावरची वेळ फिनिक्सचीच धरून चाला.

७. झायन: गाडी लावा आणि विसरा

मार्चपासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत मुख्य दरीत खाजगी गाड्यांना बंदी असते, फुकट शटल चालते. पार्कातलं पार्किंग सकाळी लवकर भरतं, म्हणून स्प्रिंगडेल गावात मुक्काम करा, गावातली शटल गेटपर्यंत सोडते. ज्येष्ठांसाठी शटलच्या शेवटच्या थांब्यावरून रिव्हरसाइड वॉक करा, नदीकाठचा पक्का रस्ता, चढ जवळजवळ नाही, दोन्ही बाजूंना आकाशाला टेकलेल्या भिंती. तो जिथे संपतो तिथून नॅरोज सुरू होतं, म्हणजे नदीच्या पात्रातूनच चालायचं, तरुणांनी काठी घेऊन थोडं आत जाऊन यावं, आकाश ढगाळ असेल तर नाही. एंजल्स लँडिंग या उंच कड्यावर चढायला २०२२ पासून लॉटरीने परमिट लागतं, आणि उंचीची भीती वाटणाऱ्यांनी नाव पण काढू नका.

बाहेर पडताना पूर्वेकडचा रस्ता घ्या, १९३० साली डोंगर पोखरून केलेला १.१ मैलाचा बोगदा लागतो, मध्ये मध्ये भिंतीला खिडक्या आहेत आणि एका सेकंदासाठी दरी दिसून जाते. आत थांबता येत नाही, त्यामुळे ड्रायव्हर सोडून बाकीच्यांनी बघून घ्या.

८. ब्राइस: पहाटे उठायचंच

माझं ऐकाल तर पूर्ण ट्रिपमधली ही सगळ्यात सुंदर सकाळ. ब्राइसची कड ८,००० ते ९,००० फुटांवर आहे. खाली शेकडो नारिंगी सुळके, त्यांना हुडू म्हणतात. पाणी भेगांत शिरून गोठतं, फुगतं, वितळतं, परत गोठतं, वर्षातल्या बऱ्याच रात्री हे चालू असतं आणि त्यातून दगड असे झिजलेत. सूर्य यायच्या आधी सनराइज पॉइंटला कठड्याशी उभे राहा. पहिल्यांदा सगळं राखाडी, मेणचट दिसतं, आणि मग उन्हाचा पहिला पट्टा सुळक्यांच्या टोकांना लागतो, टोकं पेटतात आणि खालचा भाग अजून निळसर असतो, आणि मागच्या सुळक्यावर आपटून आलेला उजेड पुढच्याच्या सावलीच्या बाजूला गुलाबी पडतो. फोटोत हे येत नाही, मी सांगते ते सोडा आणि जाऊन बघा.

जून असला तरी पहाटे जॅकेट आणि टोपी लागते. सनराइज ते सनसेट पॉइंटचा कडेचा रस्ता पक्का आहे, व्हीलचेअर पण जाते. पाय चालत असतील तर क्वीन्स गार्डनच्या पायवाटेने उतरून नवाहो लूपने वर या, पण खाली उतरणं सोपं आणि चढणं दुप्पट अवघड हे लक्षात ठेवून पाणी घ्या. रात्री लाइट नसलेल्या जागी पाच मिनिटं डोळे सरावू द्या, आकाशगंगा दिसते, शहरातून आलेल्या माणसाला खरंच वाटत नाही.

९. पेज: दोन प्रसिद्ध जागा, दोन वेगळी तिकिटं

अँटिलोप कॅन्यनला स्वतःचे स्वतः जाताच येत नाही, नवाहो गाइडसोबतच जायचं, आणि तिकीट आठवडे आधी बुक करायचं. तिचे दोन भाग आहेत, अप्पर आणि लोअर. अप्पर सपाट आहे, ज्येष्ठांना सोपी, पण महाग आणि गर्दीची, मध्यान्हीच्या सुमारास वरून उजेडाचे खांब पडतात ते तिथलेच. लोअरमध्ये लोखंडी जिन्यांनी खाली उतरावं लागतं, अरुंद, भिंतीला खांदे लागतात, पण मला तीच आवडते. वाळूच्या दगडावरच्या रेषा हाताने काढल्यासारख्या, आणि मान वर केली की आकाशाची एक वाकडी फट. बॅग नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली हातात. पावसाचा अंदाज असला की टूर रद्द करतात, तेव्हा चिडू नका: १९९७ मध्ये लोअरमध्ये अचानक पाणी येऊन अकरा जण गेले, आणि पाऊस तिथे नाही, कित्येक मैल दूर पडला होता.

हॉर्सशू बेंड गावाबाहेर पाच मिनिटांवर, पार्किंग १० डॉलर, जाऊन-येऊन दीड मैल, सावली शून्य. कठडा थोड्याच भागाला आहे, बाकी सरळ हजार फूट खाली. लहान मुलांचा हात सोडू नका आणि सेल्फीसाठी मागे सरकू नका. भल्या सकाळी नदीवर सावली असते, दहाच्या सुमाराला पाण्याचा हिरवा रंग उघडतो.

१०. मॉन्युमेंट व्हॅली

व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवरून समोर तीन मोठे बुट्टे (सपाट माथ्याचे सुटे उभे खडक) दिसतात ते म्हणजे पोस्टरवरचं दृश्य. संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे असतो म्हणून ते लाल होतात, सकाळी सूर्य त्यांच्या मागून येतो म्हणून काळ्या आकृत्या. दोन्ही बघायचं तर रात्रीचा मुक्काम तिथेच, जागा कमी आहेत, आधी बुक करा.

खाली १७ मैलांचा लूप आहे तो कच्चा, खड्डे, दगड, वाळू. इथे ती करारातली बारीक अक्षरं आठवा. स्थानिक गाइडच्या जीपने जा, पैसे पण त्यांच्याच हातात जातात आणि गाडीचं टेन्शन नाही. घरं दिसतील, लोक राहतात तिथे, त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. नवाहो भागात दारू विकत मिळत नाही आणि जवळ बाळगायलाही बंदी आहे, वेगासहून आणलेली बाटली असेल तर विचार करा. ड्रोन पण नाही, इथेही नाही आणि नॅशनल पार्कांतही नाही.

११. ग्रँड कॅन्यन: कुठला ते नीट ठरवा

वेगासमध्ये टूरवाले जी "ग्रँड कॅन्यन" विकतात ती बऱ्याचदा वेस्ट रिम असते, काचेचा पूल असलेली. तो पूल २००७ साली झाला, ती हुआलापाई या मूळ अमेरिकी जमातीची जमीन, नॅशनल पार्क नाही, तिकीट वेगळं आणि महाग. वाईट नाही, पण आपल्या मनात जो ग्रँड कॅन्यन आहे तो साउथ रिमचा. नॉर्थ रिम नकाशात समोरच, दहा मैलांवर दिसते, रस्त्याने मात्र दोनशे मैलांहून जास्त. शिवाय तिथलं जुनं लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळलं.

मॉन्युमेंट व्हॅलीहून येताना कॅमेरॉन गावात जेवा, मग पूर्वेच्या गेटने डेझर्ट व्ह्यूला शिरा. तिथला दगडी मनोरा मेरी कोल्टर यांनी १९३२ साली बांधला, वर चढून बघा. दरी २७७ मैल लांब आणि साधारण एक मैल खोल, हे आकडे सगळे सांगतात, पण खरी खोली कळते ती खाली नदीचा दोऱ्याएवढा पट्टा दिसल्यावर. संध्याकाळी हर्मिट रोडवरच्या होपी पॉइंटला जा, मार्च ते नोव्हेंबर तिथे फक्त शटल जाते, परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवा.

ब्राइट एंजल ट्रेलने "थोडं उतरून बघू" म्हणताना अर्धा तास खाली म्हणजे एक तास वर असा हिशेब करा. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका असं पार्कवाले जागोजागी लिहून सांगतात. पार्कातली खोली हवी तर वर्षभर आधी बघा, नाही मिळाली तर टुसायान गाव गेटबाहेरच आहे.

१२. जेवण

वेगास सोडायच्या आधी इंडियन ग्रोसरीतून सामान भरा, पुढे काही मिळणार नाही. वॉलमार्टचा स्वस्त कूलर घ्या, हॉटेलात बर्फाचं मशीन असतं. थेपले, दशम्या, कोरडी चटणी, दही, उपमा-पोह्यांची गरम पाणी घालायची पाकिटं, इलेक्ट्रिक कुकर. भात-वरण खोलीत होतं, पण फोडणी मात्र घरीच देऊन आणा. खोलीत मोहरी तडतडली की स्मोक अलार्म वाजतो आणि मग सगळं हॉटेल पॅसेजमध्ये. शाकाहारींना बाहेर बीन्स बरिटो मिळतो, बीन्समध्ये लार्ड (डुकराची चरबी) आहे का ते विचारा. प्यायचं पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, आणि ते गाडीत हाताशी, डिकीत नाही.

१३. परतीचा रस्ता

विल्यम्स गावातून रूट ६६ हा जुना प्रसिद्ध हायवे पकडा. १९२६ साली सुरू झालेला हा रस्ता १९८५ मध्ये सरकारी हायवेंच्या यादीतून काढला. सेलिग्मन गावात तासभर थांबा, तिथले न्हावी एंजल डेलगाडियो यांनी १९८७ मध्ये लोकांना जमवून हा रस्ता ऐतिहासिक म्हणून जपायला लावला, म्हणून आज ती दुकानं आणि पाट्या उभ्या आहेत. पुढे वेळ असेल तर हूवर धरण, ७२६ फूट उंच, पायी जाऊन वरच्या नव्या पुलावरून बघता येतं, त्याला तिकीट नाही. उन्हाळ्यात हे दुपारी करू नका. विमान संध्याकाळचं असेल तर रेंटल परत करायला दोन तास हातात ठेवा, टाकी एअरपोर्टच्या अगदी दारातल्या पंपावर नको, दोन-चार मैल आधीच भरा, तिथे स्वस्त पडतं आणि पावती जपून ठेवा.